सुरकुती नसलेली चादर

माझ्या हातची चादर आजही कोणी येऊन पाहावी. चारही कोपरे नीट दुमडलेले, मधे एक सुरकुती नाही, पायाकडची बाजू गादीखाली अशी खोचलेली की ओढली तरी निघायची नाही. नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सात या विषयात मी पहिली आले होते. तसं प्रमाणपत्रही आहे, कपाटात कुठेतरी. त्या पहिल्या नंबरापायी माझे बाबा पुन्हा कधी उभे राहिले नाहीत, हे मात्र त्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही.

छत्तीसगढचं नवं राज्य झालं आणि आमचं रायपूर एका दिवसात राजधानी झालं. बाकी काही बदलायच्या आधी पाट्या बदलल्या. शिंपी राजधानी झाला, भोजनालय राजधानी झालं, आमच्या मोहल्ल्याच्या, ब्राह्मणपाऱ्याच्या तोंडाशी बसणाऱ्या पंक्चरवाल्यानेही टायरवर चुन्याने ‘राजधानी’ लिहून टाकलं. नाल्या होत्या तशाच तुंबलेल्या. मग मोठे साहेब आले, साहेबांच्या मागून त्यांच्या सासवा आल्या, सासवांच्या मागून त्यांचे रक्तदाब आले, आणि ज्याच्याकडे दुमजली घर होतं त्याने खाली काचेचं दार बसवून हॉस्पिटल उघडलं. हॉस्पिटल म्हटलं की पांढऱ्या कपड्यातल्या पोरी लागतात. त्या पोरी तयार करायचे कारखानेही लगेच निघाले.

आमचा कारखाना पंडरीच्या कापडबाजारात होता, साड्यांच्या एका ठोक दुकानाच्या वर. जिना चढताना कोऱ्या कापडाचा वास यायचा आणि खाली हमाल गाठी आपटायचे, त्या आवाजात आम्ही मानवी हृदय शिकलो. शिकवणारे सर म्हणजे सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. आयुष्यभर लाल औषध बाटलीत ओतलेला माणूस, पण फळ्यापुढे उभा राहिला की सिव्हिल सर्जनला घाम फुटावा असा आव. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘स्वास्थ्य सेवा प्रणाली’ नावाचा त्रिकोण काढला. टोकावर मंत्रालय, त्याखाली संचालनालय, मग मोठं हॉस्पिटल, जिल्ह्याचं हॉस्पिटल, प्राथमिक केंद्र, मग डॉक्टर, मग सिस्टर आणि अगदी तळाला, खडूने जरा दाबून, आम्ही. पहिल्या बाकावरच्या एका पोरीने हात वर केला.

“सर, इसमें मरीज कहाँ है?”

सरांनी फळ्याकडे पाहिलं. त्रिकोणात जागा उरली नव्हती.

“मरीज तो आता-जाता रहता है,” ते म्हणाले. “सिस्टम वही रहता है. लिखो.”

आम्ही लिहून घेतलं. हसलो नाही, कारण आम्हाला ते ज्ञान वाटलं. माझ्या वहीत ते वाक्य निळ्या शाईत आणि खाली रेघ मारून आहे.

प्रात्यक्षिकासाठी पेशंट हवा. खरा पेशंट कुठून आणणार? मोठ्या कोर्सांकडे रबरी बाहुले असतात, हातपाय वाकणारे. आमच्याकडे खालच्या साडीच्या दुकानातली एक पुतळी होती. शोकेसमधून बाद झालेली, गोरीपान, ओठ रंगवलेले, नाकाचा शेंडा उडालेला, आणि एक हात कायमचा पुढे केलेला, जणू पदर दाखवते आहे. तिला गाउन घालून पलंगावर झोपवलं की ती छताकडे बघून हसायची. पाय वाकायचे नाहीत, कंबर वाकायची नाही. आम्ही तिच्या अंगाखालून चादर बदलायला शिकलो. फार सोपं जायचं, कारण ती चादरीला त्रास देत नव्हती.

पुस्तकात एक धडा होता. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही, त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. त्याच धड्यात पुढे लिहिलं होतं की चादरीला सुरकुती राहू देऊ नये, सुरकुतीनेही कातडी सोलवटते. आता पुतळीला कुशीवर वळवायची म्हटलं तर तो पुढे केलेला हात आडवा यायचा. एकदा एकीने जोर लावला तर खांद्यातून कट्‌ असा आवाज आला. सर धावत आले.

“अरे, तोड़ोगी क्या! दुकानवाले को वापस करना है.” मग घाम पुसून म्हणाले, “करवट समझ लो. चार्ट में लिखो, करवट दी गई.”

आम्ही समजून घेतली आणि चार्टवर लिहिली. वर्षभर आम्ही त्या बाईला दर दोन तासांनी कागदावर डावी-उजवी केली आणि ती मात्र पाठीवर पडून छताकडे हसत राहिली. धड्याचा पहिला भाग असा गेला आणि दुसरा भाग, चादरीचा, राहिला. हत्ती सोडला आणि शेपटी घट्ट धरून बसलो. आणि त्या शेपटीत माझा पहिला नंबर आला.

पुढे मला नोकरी लागली, घरापासून सायकलने जाता येईल अशा एका खासगी हॉस्पिटलात. त्याचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं काही नाही. मालक डॉक्टरांना सगळे बडे सर म्हणायचे. ते पेशंटकडे कमी आणि पलंगाकडे जास्त बघायचे. राउंडला आले की पायथ्याशी उभे राहून तळहात चादरीवरून फिरवायचे. हाताला सुरकुती लागली की भुवई वर. “ये होटल है कि धर्मशाला?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. हॉस्पिटल असू शकतं हा पर्याय त्यांच्या डोक्यात नसावा.

राउंडची वेळ दहाची. पण राजधानीतले डॉक्टर दहाला येत नाहीत. कुठल्यातरी साहेबांच्या सासूचा रक्तदाब वाटेत असायचा. बडे सर यायचे बारा वाजता, कधी एक वाजता. आणि आमच्या सिस्टर इन्चार्जचा नियम असा होता की नऊ वाजता पलंग लागले की राउंड होईपर्यंत पेशंटने हलायचं नाही. हललं की चादर मोडते. संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांचा राउंड, त्याआधी पुन्हा तेच. भनपुरीहून पाय चिरडून आलेले ट्रकवाले, पोटात टाके असलेल्या बाया, सगळे नऊ वाजता सरळ व्हायचे आणि छताकडे बघत पडून राहायचे. कोणी कण्हत कूस बदलायला लागलं की आम्ही ओरडायचो, “भैया, राउंड है, सीधे रहो!” जखमा होऊ नयेत म्हणून चादर सरळ ठेवायची आणि चादर सरळ राहावी म्हणून माणसाला जखमा होऊ द्यायच्या, इतकी अक्कल एका छपराखाली जमलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. आणि मी तिथली सगळ्यांत हुशार पोरगी होते.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मला तिथे लागून दोन वर्षं झाली होती. ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, निवृत्त झालेले. सकाळी दाढी करताना उजव्या हातातून ब्रश पडला आणि मागोमाग ते. आई म्हणाली मोठ्या सरकारी दवाखान्यात नेऊ. मी नाक मुरडलं. “तिथं जमिनीवर झोपवतात. आपल्या हॉस्पिटलात नेऊ, मी आहे नं तिथं.” आपलं हॉस्पिटल! मला तिथे चहा प्यायला कपसुद्धा वेगळा होता, पण म्हणायला आपलं.

बाहेरून बोलावलेल्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झटका मोठा नाही. “पंद्रह दिन में बिठाएँगे, दो महीने में चलाएँगे. बस पीठ संभालना.” पाठ सांभाळा, एवढंच. मी मान डोलावली. पाठ सांभाळायचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात होतं.

माझी ड्यूटी वरच्या मजल्यावर, बाबा खालच्या वॉर्डात. मी रोज नऊच्या आधी स्वतः जाऊन त्यांचा पलंग लावायचे. माझ्या बाबांच्या चादरीवर बडे सरांचा हात लोण्यावरून फिरावा तसा फिरला पाहिजे, ही माझी हौस. मग बाबांच्या कानाशी वाकून सांगायचे, “बाबा, राउंड होईस्तोवर हलू नका बरं.” ते वाकड्या झालेल्या तोंडाने “हो” म्हणायचे. चाळीस वर्षं ज्या माणसाने सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलू दिली नाही, त्याला न हलणं शिकवावं लागत नाही. असे आज्ञाधारक पेशंट त्या पुतळीनंतर मला तेच मिळाले.

त्या वॉर्डात झाडू-पोछा करणारी एक बाई होती. छत्तीसगढी, पन्नाशीची, कोपरापर्यंत गोंदलेली. पेशंट तिला दाई म्हणायचे, त्यांच्या बोलीत दाई म्हणजे आई. आम्ही मात्र ‘ए बाई’ म्हणायचो, कारण ती त्रिकोणात नव्हती. त्रिकोण आमच्यापाशी संपत होता. ती फरशी पुसता पुसता पलंगापाशी थांबायची, ओले हात लुगड्याला पुसायची, आणि पेशंटचा गुडघा वाकवून, एक हात खांद्याला, एक कंबरेला लावून त्याला सहज आपल्याकडे ओढून कुशीवर करायची. “बबा, एक कनी करवट ले ले. पीठ ला हवा लगन दे.” मग पाठीवरून हात फिरवायची आणि पुन्हा पोछा घ्यायची. कोणी शिकवलं होतं तिला? विचारलं नाही. न शिकलेल्या बाईला काय विचारायचं!

पाचव्या दिवशी आई डबा घेऊन आली तेव्हा तिने मला बाजूला घेतलं.

“काहून वं, इथं त्याइले हलू देऊन नाही राहिले? पाठ आखडली म्हणतेत. ते झाडूवाली येते तवा त्याइले बरं वाटते.”

“आई, तुले नाही समजत त्यातलं. मी कोर्स केला नं.”

आई डब्याचं झाकण उघडायला लागली. तिने कोर्स केला नव्हता.

सहाव्या दिवशी घडायचं ते घडलं. दाईने साडेअकराला बाबांना कुशीवर केलं आणि त्याच दिवशी, नेमके त्याच दिवशी, बडे सर पावणेबाराला आले. चादर खांद्यापाशी गोळा झालेली, एक कोपरा सुटलेला. मी वरून मुद्दाम खाली आले होते, बाजूला उभी होते. सरांनी तळहात फिरवला, भुवई वर गेली. “ये तुम्हारे पिताजी का बेड है? तुम्हारा?” सगळा वॉर्ड बघत होता. सिस्टर इन्चार्ज हसली, तोंडाला रुमाल लावून. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी त्याच दुपारी लेखी तक्रार दिली. हिंदीत, सुंदर अक्षरात. सफाई कर्मचारी विनापरवानगी पेशंटला हात लावते, प्रशिक्षण नसताना उपचारात हस्तक्षेप करते. सिस्टमला अशी भाषा फार आवडते. संध्याकाळच्या आत तिला ओपीडीच्या फरशीवर पाठवलं. जाताना ती बाबांच्या पलंगापाशी थांबली, मी चादर ओढून बसवत होते ते बघत राहिली.

“चादर ला का देखथस नोनी,” ती म्हणाली, “मनखे ला देख.”

चादरीकडे काय बघतेस पोरी, माणसाकडे बघ. झाडूवालीने मला पोरी म्हणावं याचाच मला राग आला. बाकीचं वाक्य माझ्या कानावरून गेलं.

बाबांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. “राहू दे न तिले,” ते म्हणाले. शब्द तुटत होते. “तिच्यानं... बरं वाटते.”

“बाबा, राउंड,” मी म्हटलं.

त्यानंतर आठ दिवस बाबांची चादर वॉर्डात एक नंबर होती. बडे सरांनी एकदा मानही डोलावली. चार्टवर दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी, डावी अशा नोंदी एका हाताने, एका शाईने, एका बैठकीत भरलेल्या. भरणारी माझ्याच बॅचची होती आणि ती कशा भरते ते मला पक्कं माहीत होतं, कारण वर मीही तेच करत होते. तरी बाबांचा चार्ट वाचून मला समाधान वाटायचं. स्वतः छापलेल्या खोट्या नोटेवर विश्वास ठेवणारा माणूस कोणी पाहिला नसेल तर मला पाहावं.

चौदाव्या दिवशी मी पलंग लावायला वाकले तर पावडरीच्या वासाखालून दुसरा वास आला. बाबांना मी पहिल्यांदा स्वतः कुशीवर वळवायला गेले आणि मला वळवता येईना. कुठे धरायचं तेच कळेना. खांदा ओढला तर ते कळवळले. शेवटी शेजारच्या पेशंटच्या भावाने हात लावला. माकडहाडावर लहान पुरीएवढी जागा काळी पडली होती आणि कडेने ओली होती. खाली चादर होती, सुरकुती नसलेली.

मी बडे सरांकडे गेले. त्यांनी चार्ट मागवला, चष्मा लावला, पान उलटलं. “इसमें तो सब ठीक है,” ते म्हणाले, आणि चार्ट माझ्या हातात दिला. मी तो घेऊन वॉर्डात परत आले. खोटं आहे म्हणाले असते तर विचारलं असतं, तुला कसं माहीत.

पंधराव्या दिवशी बसवायचं होतं. अशा पाठीवर कोणी बसवत नाही. जखम साफ करायची, काळं कापायचं, पट्ट्या, ताप, पुन्हा कापायचं, यात पाच महिने गेले. तोवर उजवा पाय वाकायचं विसरला, डावा काठीसारखा झाला. मेंदूचे डॉक्टर पुन्हा आले तेव्हा पाय उचलून पाहिले आणि हळूच खाली ठेवले. “देर हो गई,” म्हणाले. डिस्चार्जच्या कागदावर मात्र ‘हालत संतोषजनक’ असं टाइप केलेलं होतं.

बाबांना घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून दाईच्या पाऱ्यात गेले. पत्ता विचारत विचारत, मान खाली घालून. ती तांदूळ निवडत होती. मी तक्रार कोणी दिली होती ते सांगितलं. तिला माहीत होतं. मी म्हटलं, मला बाबांना वळवता येत नाही, शिकव. तिने सूप बाजूला ठेवलं. “हव,” म्हणजे हो, एवढंच म्हणाली आणि चप्पल घातली. मला वाटलं होतं ती चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं, मला परत काहीतरी उत्तर देता आलं असतं.

ती रोज यायची, ओपीडीची फरशी पुसून झाल्यावर. गुडघा आधी वाकव, हात खांद्याला आणि कंबरेला लाव, आपल्याकडे ओढ, ढकलू नको. एका दुपारात शिकले. एक वर्षाचा कोर्स, फळा, त्रिकोण, प्रमाणपत्र, आणि कामाची गोष्ट एका दुपारची होती. आईने त्या दिवशी आमच्या पलंगावरची चादरच काढून टाकली आणि तिचं एक जुनं, मऊ झालेलं लुगडं अंथरलं.

मी नोकरी सोडली. त्यात थोरपणा नव्हता, बाबांजवळ कोणी हवं होतं. जखम भरली, पण बाबा पलंगावरच राहिले. मी दर दोन तासांनी खोलीत जायचे, खरोखरचे दोन तास, भिंतीवरच्या घड्याळाचे. मला बघितलं की ते डाव्या हाताने पलंगाची कड धरायचे, अंग ताठ करायचे आणि दाराकडे बघायचे.

“राउंड झाला का, बेटा?”

पहिल्यांदा मी म्हटलं, बाबा, हे घर आहे, इथं राउंड नाही. ते हलले नाहीत. मी जोर लावला तर कड सोडेनात. आई दारात उभी राहून बघत होती. मग मी म्हटलं, “झाला, बाबा.” तेव्हा त्यांनी अंग सैल सोडलं आणि मला वळवू दिलं.

त्यानंतर बाबा चार वर्षं जगले. चार वर्षं, दिवसरात्र मिळून बारा वेळा, मी त्यांना राउंड झाल्याचं सांगत होते. न विचारता त्यांनी एकदाही कूस बदलू दिली नाही.